सावित्रीबाई फुले व त्यांचे महिला सेवा मंडळ

थोरांची चरित्रे वाचावयाची ती केवळ त्यांचा जयजयकार करण्यासाठी नव्हे. त्यांनी घालून दिलेल्या मापाने आपले आपणांस मोजून पाहता यावे, यासाठी ती वाचावयाची असतात. थोर स्त्रियांच्या चरित्रांच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच बाळगावी लागते. कारण त्यांच्या तसबिरीस हार घालणे जितके सोपे, तितकेच त्यांचे अनुकरण करणे कठीण. आपल्या माळी समाजाच्या सभासंमेलनांतून सावित्रीबाई फुले यांचे स्मरण प्रतिवर्षी होते. त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, लोकांचे शिव्याशाप सोसले, अंगावर शेण झेलले, हे आता पहिली-दुसरीतील मूलही सांगू शकते. परंतु त्यांच्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की, ज्याचा उच्चार आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच होतो. ते म्हणजे इ. स. १८५२ साली पुण्यात निघालेले महिला सेवा मंडळ.

आज आपल्या वाशीम जिल्ह्यात गावोगाव महिला मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, बचत गट तर गल्लीगल्लीतून झाले आहेत. या सर्वांचे मूळ शोधू गेल्यास आपणांस त्या पुण्याच्या मंडळापर्यंत जावे लागते. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपुरते झालेले असून सारे आयुष्य खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना बाराखडी गिरवण्यास लावण्यात गेले. तेव्हा विद्वत्तेचा दावा करावा असा अधिकार मजपाशी नाही. तथापि या माउलीच्या चरित्रातील एका गोष्टीने मला उतारवयात फार अस्वस्थ केले. ती गोष्ट ज्ञातिबांधव व भगिनी यांच्यापुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

सावित्रीबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव या खेड्यात ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. मातोश्रींचे नाव लक्ष्मीबाई. घर शेतकऱ्याचे, खाऊन पिऊन सुखी. परंतु मुलीस अक्षरओळख करून द्यावी असा विचारही त्या काळी कोणाच्या मनास शिवत नसे. वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १८४० साली, त्यांचा विवाह पुण्याचे गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतीराव यांच्याशी झाला. जोतीरावांचे वय त्या वेळी तेरा वर्षांचे होते. गोविंदरावांचे मूळ घराणे गोऱ्हे आडनावाचे, कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे त्यांस फुले हे नाव पडले. आपल्या वऱ्हाडात भाजीपाल्याच्या वाफ्यावर आणि फुलांच्या परडीवर संसार चालविणाऱ्या घरांना हा व्यवसाय नव्याने सांगावयास नको. पहाटे उठून कळ्या खुडावयाच्या आणि दिवस वर येण्यापूर्वी बाजार गाठावयाचा, हे कष्ट घराच्या स्त्रियांनीच अधिक उचललेले असतात.

जोतीराव शिकले आणि त्यांनी पत्नीस शिकविले. जोतीरावांच्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी मातृहीन जोतीरावांचे संगोपन केले होते; त्याही सावित्रीबाईंबरोबर शिकल्या. शेतात आंब्याच्या झाडाखाली मातीची पाटी व काटकीची लेखणी करून या दोघींनी अक्षरे गिरवली, असे सांगतात. पुढे अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिचेलबाईंच्या वर्गात सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. एतद्देशीय स्त्री शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहते, हे दृश्य त्या नगराने पूर्वी पाहिले नव्हते.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. मुलगी शिकली तर तिचा नवरा मरतो, अशी समजूत तेव्हा घरोघर होती. रस्त्याने जाताना शिव्या, चिखल, खडे अंगावर येत. म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलीत, असे चरित्रकार सांगतात. बाहेरच्यांचा विरोध एक वेळ सोसवतो. परंतु घरच्यांचा विरोध अधिक जिव्हारी लागतो. लोकांच्या दडपणास भिऊन गोविंदरावांनी १८४९ साली पुत्र व सून यांस घराबाहेर काढले. त्या प्रसंगी उस्मान शेख या मुसलमान गृहस्थांनी त्यांस आपल्या घरी आश्रय दिला. त्याच घरातील फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. ज्ञातीने ज्यांस दूर लोटले त्यांस परक्या म्हणविणाऱ्या घराने पोटाशी धरले, ही गोष्ट ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना लेखणी थोडी अडखळते. परंतु ती सत्य आहे आणि ती लिहिलीच पाहिजे.

१८५१ च्या जुलै महिन्यात चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू झाल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सन्मान झाला. हा सर्व इतिहास शाळांचा होय. परंतु ज्याने शाळा चालविली आहे त्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मुलगी शाळेत पाच तास असते आणि उरलेला सगळा दिवस घरी असते. घरी तिची आई असते, आजी असते, आत्या असते. या बायांचे मन जोवर वळत नाही, तोवर फळ्यावर लिहिलेले अक्षर मुलीच्या आयुष्यात उतरत नाही. मी नोकरीत असताना हुशार मुली चौथीनंतर निंदणीच्या व वेचणीच्या हंगामात हळूहळू गळत गेलेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्या आया दुष्ट नव्हत्या. त्यांच्याशी कोणी बसून बोललेच नव्हते.

सावित्रीबाईंनी हे ओळखले. मुलींना शिकवावयाचे तर त्यांच्या आयांना एकत्र आणले पाहिजे, आणि आयांना एकत्र आणावयाचे तर त्यांना उपदेश करून भागणार नाही. त्यांना बसावयास जागा दिली पाहिजे, बोलावयास सवड दिली पाहिजे. या विचारातून १८५२ साली पुण्यात महिला सेवा मंडळ स्थापन झाले. पुण्याचे तत्कालीन कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी अध्यक्षा झाल्या आणि चिटणीसपदाची जबाबदारी सावित्रीबाईंनी घेतली. संस्थेचे काम ज्यांनी केले आहे त्यांस सांगावयास नको की, अध्यक्षांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर असते आणि घरोघर जाण्याचे पायपिटीचे काम चिटणिसाच्या वाट्यास येते. स्त्रियांस आपल्या स्थितीची व आपल्या हक्कांची जाणीव व्हावी, एकीचे दुःख दुसरीस कळावे, हा मंडळाचा हेतू होता.

मंडळाचा आरंभ कोणत्या प्रसंगाने करावा, यात सावित्रीबाईंची खरी चतुराई दिसते. त्यांनी सभा बोलावली नाही, व्याख्यान ठेवले नाही. त्यांनी १४ जानेवारी १८५२ रोजी संक्रांतीनिमित्त तिळगूळ समारंभ योजिला. संक्रांतीस एकमेकींकडे जाणे, हळदीकुंकू घेणे हे बायकांच्या अंगवळणी पडलेले. त्यासाठी घरच्या पुरुषांची परवानगी मागावी लागत नसे. परंतु या समारंभाच्या निमंत्रणात एक अट स्पष्ट होती. येणारी स्त्री कोणत्याही जातीची वा धर्माची असो, सर्व जणी एकाच जाजमावर बसतील. जातिभेद वा पक्षपात न करता सर्वांस सारखेच हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल, असे त्यात कळविण्यात आले होते.

वाचकांनी क्षणभर थांबून त्या काळाचा विचार करावा. पेशवाई जाऊन अवघी चौतीस वर्षे झाली होती. आपला वऱ्हाड प्रांत तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. तो इंग्रजांकडे गेला पुढील वर्षी, १८५३ मध्ये. त्या वेळी सावलीचाही विटाळ मानीत आणि अस्पृश्यांस पाणवठ्यावर पाऊल टाकता येत नसे. अशा पुण्यात एकवीस वर्षांची, स्वतःच्या घरातून बाहेर काढली गेलेली एक सून निरनिराळ्या जातींच्या बायांस एका जाजमावर बसावयास बोलावते, हे धाडस शाळा काढण्याहून तिळमात्रही कमी नव्हते. शाळेला सरकारचा आधार होता. जाजमाला आधार होता तो बोलावणाऱ्या बाईच्या शब्दाचाच.

मंडळाचे दुसरे अंग असे की, स्त्रीच्या मनात जे आहे ते बाहेर यावे, अशी सावित्रीबाईंची तळमळ होती. स्त्रियांना रचना करता येत नव्हती असे नाही. जात्यावर बसलेली प्रत्येक बाई ओवी रचीत असे. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर फिरत आणि आया त्यांस नव्या ओळी जोडून देत. परंतु ही रचना अंधारात जन्मे आणि अंधारातच विरून जाई. तिला नाव नसे, कागद नसे. १८५४ साली सावित्रीबाईंनी 'काव्यफुले' हा आपला कवितासंग्रह छापला आणि त्यावर आपले नाव घातले. निसर्ग, शिक्षण, शूद्रातिशूद्रांची दैना, पतीविषयीचा आदर असे अनेक विषय त्यात आहेत. फुलबागेत वाढलेल्या या कवयित्रीने जाईजुईच्या व चाफ्याच्या निमित्ताने माणसांच्या स्वभावाविषयीही लिहिले आहे. त्यांच्या शाळेतील मुक्ता ही मांग समाजातील बालविद्यार्थिनी हिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. गुरुजी म्हणून मला या घटनेचे फार अप्रूप वाटते. विद्यार्थ्याने धडा पाठ म्हणून दाखविणे निराळे आणि स्वतःच्या घरचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडणे निराळे. दुसरी गोष्ट जिथे घडते, तिथे शिक्षक खरोखर उत्तीर्ण झाला असे म्हणावे.

स्वतःच्या माहेरी मात्र सावित्रीबाईंची वाट सुकर नव्हती. १८५६ साली आजारपणामुळे त्या नायगावी राहिल्या होत्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी जोतीरावांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यांच्या भावाने महारमांगांस शिकविण्याबद्दल त्यांना दोष दिला आणि ज्ञातीच्या रीतीप्रमाणे वागावे असे सुचविले. त्यावर त्यांनी भावास परखड उत्तर दिले. शेळीगाईस आपण गोंजारतो, नागपंचमीस विषारी नागास दूध पाजतो, आणि माणसांना मात्र दूर ठेवतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. भाऊ शेवटी वरमला. रागावून माहेर तोडले नाही आणि माहेर टिकवावे म्हणून मतही सोडले नाही, हा त्यांचा स्वभाव आपल्या भगिनींनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

जाजमावर बसलेल्या बायांची दुःखे ऐकता ऐकता त्यांतील सर्वांत दारुण दुःख समोर आले, ते विधवांचे. बालवयात वैधव्य आलेल्या मुलींचे केशवपन होई आणि त्यांस घराच्या कोपऱ्यात ढकलले जाई. कोणाच्या वासनेस बळी पडून त्या गरोदर राहिल्या, तर आत्महत्या वा बालहत्या याखेरीज त्यांस तिसरा मार्ग उरत नसे. १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवून जावे, अशी जाहीर सूचना लावण्यात आली. १८८४ पर्यंत पस्तीस ब्राह्मण विधवा तेथे येऊन बाळंत झाल्याची नोंद आहे. त्यांची बाळंतपणे आणि बाळांची देखभाल यांचा भार सावित्रीबाईंवरच होता. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलास १८७४ साली त्यांनी दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. पुढे हाच यशवंत डॉक्टर झाला. ज्या ज्ञातीतील लोकांनी त्यांना दगड मारले त्याच ज्ञातीच्या लेकींची त्यांनी बाळंतपणे केली. यावरून त्यांच्या अंतःकरणाची कल्पना करावी.

१८६८ च्या ऑगस्टात नायगावाहून लिहिलेले त्यांचे आणखी एक पत्र आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण व शारजा नावाची महार मुलगी यांचे संबंध जुळले होते आणि ती गरोदर होती. गावकरी दोघांस मारून टाकण्याच्या बेताने त्यांची धिंड काढीत होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती दाखवून त्यांनी दोघांचे प्राण वाचविले आणि त्यांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविले. जमाव पुढे असता एकट्या बाईने मध्ये उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबरला झाला, त्यातील वधू राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या होती. मोठमोठ्या चळवळींच्या इतिहासात अशा मैत्रिणींची नावे शोधावी लागतात. परंतु बजूबाईंसारखी एक आई आपल्या लेकीचे लग्न नव्या पद्धतीने लावून द्यावयास धजली म्हणूनच तो विचार प्रत्यक्षात आला. मैत्रिणीच्या शब्दावर विश्वास टाकून एवढे पाऊल उचलले जाते, हे स्त्रियांनी एकत्र बसण्याचे फळ होय. १८७६-७७ च्या दुष्काळात फुले दांपत्याने व सत्यशोधकांनी धनकवडी येथे बालाश्रम काढून उपाशी मुलांस जेवू घातले. ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी दुष्काळाचे हृदयद्रावक वर्णन केले आहे.

हा विचार आपल्या विभागापर्यंतही पोहोचला होता, हे सांगावयास अभिमान वाटतो. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे या सत्यशोधक विचारांच्या घरातील कन्या. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध करून विधवांवर दोषारोप करणाऱ्या पुरुषांस सडेतोड जाब विचारला. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुणे सेवासदन सुरू केले. एकीने अंथरलेल्या जाजमाला पुढच्या जणींनी आपापल्या परीने पदर जोडीत नेले.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिने मला अस्वस्थ केले असे आरंभी म्हटले आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तकपुत्र यशवंताचा अधिकार त्यांस मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती धरून चालू लागल्या. त्या दिवसापासून त्या विधवा झाल्या. यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाच्या कार्याची धुरा वाहिली, 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' या काव्यात जोतीरावांचे चरित्र गुंफले आणि १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. डॉक्टर यशवंतरावांनी हडपसरनजीक ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांस त्या रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. वय सहासष्ट वर्षे होते.

म्हणजे आयुष्याची अखेरची सहा वर्षे व काही महिने सावित्रीबाई विधवा होत्या. मग मनात प्रश्न येतो की, त्या वर्षांत कोणी संक्रांतीचे हळदीकुंकू केले असते, तर त्यांस बोलावले असते काय? आणि आज आपण आपल्या समाजाच्या वतीने त्यांच्या तसबिरीखाली हळदीकुंकू करतो, तेव्हा त्या सदेह दाराशी आल्या, तर आपण त्यांस जाजमावर घेऊ काय?

हा प्रश्न मी दुसऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारला आहे, आणि उत्तर लाजिरवाणे आहे. नोकरीच्या काळात एका खेड्यातील शाळेत आम्ही जानेवारीत माता-पालक मेळावा ठेवला होता. हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची वाटी असा बेत होता. सावित्रीबाई जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेचे बक्षीसही त्याच वेळी द्यावयाचे होते. पहिला क्रमांक तिसरीतील एका मुलीचा आला होता; सावित्रीबाईंवर तिने फार सुरेख भाषण केले होते. बक्षीस घेऊन ती खाली बसली नाही, बाहेर धावली. मी पाहिले तो पटांगणातील कडुनिंबाखाली तिची आई उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. ती मेळाव्यास आली होती, परंतु हळदीकुंकू चालू आहे म्हणून आत आली नव्हती, आणि आतून तिला कोणी हाक मारली नव्हती. मी पाहिले, मनात कालवाकालव झाली, आणि मी यादीतील पुढचे नाव वाचले. कार्यक्रमाचा प्रमुख मीच होतो. एक हाक मारावयास मला कोणी अडविले नव्हते. भिंतीवर तसबीर सावित्रीबाईंची होती.

पुढे वाचनात असे आले की, २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तसे आवाहन केले. ही बातमी वाचून मला त्या कडुनिंबाची आठवण झाली. ठराव कागदावर होतो. परंतु दारात उभ्या असलेल्या बाईस हाक मारण्याचे काम कागद करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.

म्हणून आपल्या समाजाच्या महिला मंडळास व पुरुष कार्यकर्त्यांस माझी नम्र विनंती आहे. येत्या संक्रांतीस १८५२ सालच्या त्या निमंत्रणाची आठवण ठेवून एक जाजम अंथरावे. त्यावर विधवा, परित्यक्ता, अविवाहित अशा सर्व भगिनींस सन्मानाने बोलवावे आणि गावातील इतर सर्व जातिधर्मांच्या बायांसही बोलवावे. हे निमंत्रण केवळ आपल्या समाजापुरते ठेवले, तर समारंभ होईल, परंतु तो सावित्रीबाईंचा होणार नाही. हळदीकुंकू लावावयाचे तर सर्वांस लावावे; ज्यांस नको त्यांस फूल द्यावे. आपण फुलांचा व्यवसाय केलेली माणसे आहोत, एका फुलास आपल्याकडे कधी तोटा पडला नाही.

आणि तिळगूळ वाटून सर्वांस घरी धाडू नये. महिन्यातून एक दुपार तरी हे जाजम पुन्हा अंथरावे. ज्या बाईस ओवी येते तिने ओवी म्हणावी, भुलाबाईचे गाणे येते तिने ते म्हणावे. जिने गोधडीवर नवा नमुना उठविला आहे तिने तो आणून दाखवावा. शिकलेल्या सुनेने चार ओळी लिहिल्या असतील तर त्या वाचाव्यात आणि न शिकलेल्या सासूने सांगितलेले त्या सुनेने वहीत उतरवावे. कोणाचे कर्ज, कोणाचे आजारपण, कोणाच्या मुलीची थांबलेली शाळा, यांविषयी बोलणे निघाल्यावाचून राहणार नाही. बचत गटात आपल्या भगिनींनी पैशाचा हिशेब चोख ठेवून दाखविला आहे. एकमेकींच्या सुखदुःखाचा हिशेबही त्या तितक्याच चोख ठेवतील याविषयी मला शंका नाही. पुरुषांनी त्या दुपारी घर सांभाळावे आणि जाजमाच्या खर्चास हातभार लावावा. याहून अधिक त्यांनी काही करण्याची आवश्यकता नाही.

सावित्रीबाईंच्या नावे आज पुण्याचे विद्यापीठ आहे. १९९८ साली, ज्या वर्षी आपला वाशीम जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. हे सर्व सन्मान योग्यच होत. परंतु एकवीस वर्षांच्या वयात त्यांनी अंथरलेल्या त्या जाजमावर अजून काही भगिनी बसावयाच्या राहिल्या आहेत. त्या मुलीची आई आता प्रौढ झाली असेल. कदाचित तिला नात असेल. पुढील संक्रांतीस मी त्या गावी जाणार आहे आणि त्या वेळी जी हाक मी मारली नाही, ती आता मारणार आहे. तिने ती ऐकावी एवढी योग्यता माझी उरली आहे की नाही, हे तीच ठरवील.